किल्ली खिशात

"फ्रिजला हात लावायचा नाही," ताई चपला घालता घालता म्हणाली. "बाकी घर डोक्यावर घ्या, माझी ना नाही."

"नाही लावत गं."

"गेल्या वर्षी पाळलंस, तसंच."

"तसंच," धाकटा भाऊ म्हणाला, आणि त्या वेळी तो खरंच बोलत होता.

मित्रमंडळी त्याला कानसेन म्हणत. आठवडाभर तो श्रवणयंत्रांच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या कानांची मापं घेई आणि रविवारी सिनेमांचा आवाज रेकॉर्ड करी. फुकटात म्हणजे अगदी फुकटात, वर जेवणाचा डबाही आपलाच. दिग्दर्शक त्याचा शाळेपासूनचा मित्र; कॅमेराही तोच धरायचा. हिरो म्हणजे पन्नाशीचा एक विमा एजंट. आरशासमोर उभं राहिलं की आपलं आयुष्य वाया गेलं असं त्याला वाटे, म्हणून तो यांच्या तावडीत सापडला होता. तिघांचा मिळून हा संसार. आणि स्टुडिओ म्हणजे ताईचं घर, कारण ताई आणि भाऊजींचं चष्म्याचं दुकान रविवारी सगळ्यात जास्त चाले आणि दोघंही सकाळी साडेनऊला घराबाहेर पडत.

फ्रिजमध्ये दुसऱ्या कप्प्यात पांढऱ्या खोक्यांची चळत होती. मूल व्हावं म्हणून ताईनं घ्यायची इंजेक्शनं. आज संध्याकाळी सात वाजता पहिलं, मग बारा दिवस रोज सातला. ही तिसरी खेप, आणि ताईनं आधीच सांगून टाकलं होतं की हिच्यानंतर चौथी नाही. दुसरी खेप गेल्या वर्षी झाली आणि फसली, तेव्हाही खोकी अशीच आत होती आणि तेव्हाही या तिघांनी याच स्वयंपाकघरात सिनेमा केला होता. त्या वेळी कानसेननं फ्रिजला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

आणि त्याची शिक्षाही भोगली होती. ताईचा फ्रिज जुना. तो घरघरायचा म्हणजे पोट बिघडलेल्या माणसासारखा घरघरायचा. मध्येच दीड-दोन मिनिटं गप्प बसायचा, मग 'ढुप्' करून हादरायचा आणि पुन्हा सुरू. सिनेमातला एकूण एक विनोद त्या घरघरीखाली चिरडून मेला. चाळीस लोकांसमोर खेळ झाला, आणि लोक एकदाच हसले, दिग्दर्शक सभागृहाच्या पायरीवरून घसरला तेव्हा. खेळ संपल्यावर एका गृहस्थांनी अत्यंत साधेपणानं विचारलं, "हे सगळं विमानात घडतं का हो?" त्या प्रश्नानं कानसेन वर्षभर झोपेतून उठत होता.

यंदाचा सिनेमा तर शांततेवरच उभा होता. एक चोर मध्यरात्री घरात शिरतो. मोरीत खरकट्या भांड्यांचा ढीग बघून त्याला राहवत नाही. तो आवाज न करता भांडी घासायला बसतो. पाठीमागे घरमालक येऊन उभा राहतो आणि हळूच म्हणतो, "ती कढईपण घ्या." घरमालक दिग्दर्शकच होणार होता, तेवढ्यापुरता कॅमेरा टेबलावर ठेवून. चमचा ताटलीला जेमतेम लागतो, चोर गोठतो, घर गोठतं. त्या गोठलेल्या क्षणात फ्रिज घरघरला तर मग काय उरलं?

खिडक्यांवर घोंगड्या टाकून दिवसाची रात्र केली. दोन दिवे लावले. पंखा बंद. कानसेननं कानांवर हेडफोन चढवला, लांब काठीच्या टोकाचा माइक चोराच्या डोक्यावर धरला. पहिल्याच टेकला फ्रिजनं आपलं गाणं सुरू केलं.

"ऐकू येतंय?" दिग्दर्शकानं विचारलं.

"मला विमान दिसतंय," कानसेन म्हणाला.

तिघंही फ्रिजकडे बघत राहिले. हिरो घाम पुसत म्हणाला, "बंद करा की. दहा मिनिटांनी काय फरक पडतोय?"

खरं तर हे वाक्य कानसेनच्याच मनात होतं. दुसऱ्यानं म्हटल्यामुळे त्याला ते फार शहाणपणाचं वाटलं. दार बंद ठेवलं तर आतला गारवा कुठे पळून जातो? एवढे दोन टेक, आणि लगेच चालू. आणि तो विसरणार नव्हता, कारण या धंद्यातली एक युक्ती त्याला पाठ होती. लोकांच्या घरी आवाज घ्यायला गेलं आणि फ्रिज बंद करावा लागला, की आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. घरी जायचं तर किल्ली लागणार, किल्ली घ्यायला फ्रिज उघडणार, उघडला की आठवणार. किल्ली खिशात असली की समजायचं, फ्रिज चालू आहे. सात वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नव्हती.

सव्वादहाला त्यानं बटण बंद केलं. स्कूटरची किल्ली ताईच्या खोक्यांच्या शेजारी ठेवली आणि दार लावलं. घर असं काही शांत झालं की दिग्दर्शकानं हात जोडले.

दोन टेकचे अकरा झाले. हिरोला भांडी घासता येत नव्हती. पन्नास वर्षांत त्याच्यावर ती वेळच आली नव्हती, आणि हे आजच कळलं. सहाव्या टेकच्या मध्यावर खालून कोणीतरी ओरडलं, "अहो, ही लाल स्कूटर कुणाची? गाडी निघत नाहीये माझी!" काठी खाली ठेवली तर माइकची जागा हलणार. कानसेननं मान फ्रिजकडे वळवली आणि हिरोला म्हणाला, "किल्ली आत आहे. तेवढी बाजूला लावून या ना."

हिरो पळाला. स्कूटर हलवून, धापा टाकत वर आला. कानसेनचे दोन्ही हात तसेच वर होते, म्हणून हिरोनं सरळ त्याच्या शर्टाच्या खिशात किल्ली टाकली. वर खिशावर थोपटलंही, कामसू माणसासारखं.

"चला, सातवा!" दिग्दर्शक म्हणाला.

बारानंतर स्वयंपाकघराचं काम संपलं. घोंगड्या, दिवे, वायरी असा सगळा पसारा उचलून ते बाहेरच्या खोलीत गेले. निघताना कानसेनचा हात खिशाकडे गेला. किल्ली होती. म्हणजे फ्रिज चालू. त्यानं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

पण दुपारभर त्याचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. बाहेरच्या खोलीत टेक चालू असताना त्याचा पाय हलत होता. तो बूट वाजवतोय हे त्यालाच हेडफोनमधून ऐकू आलं आणि स्वतःवर चिडून त्यानं बूट काढले. वायर तपासली. बॅटरी बदलली, जुनी अजून अर्धी भरलेली होती. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. हात पुन्हा खिशाकडे जाई, किल्ली हाताला लागे आणि मन घटकाभर गप्प बसे.

"तुला काय होतंय?" दिग्दर्शकानं विचारलं. "मुंग्या चावतायत का?"

"आवाज छान येतोय."

"मग हस ना मेल्या."

"म्हणूनच तर," कानसेन म्हणाला. यंदा सगळं इतकं स्वच्छ येत होतं की त्याला कसंतरीच होत होतं.

साडेचारला दिग्दर्शकानं काम संपल्याची घोषणा केली. हिरोनं स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. तेव्हा कानसेनला आठवलं, स्वयंपाकघराची शांतता घ्यायची राहिलीच. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ती अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवली की पुढे संवादांमधल्या फटी तिनं बुजवता येतात. हेच राहिलं होतं तर! त्याला एकदम हलकं वाटलं. तो माइक घेऊन आत गेला, फ्रिज अर्धा मिनिट बंद करायचा म्हणून सवयीनं खिशातून किल्ली काढली आणि आत ठेवण्यासाठी दार उघडलं.

आतला दिवा लागला नाही.

त्यानं दार लावून पुन्हा उघडलं. आत अंधार होता आणि दमट, कोमट वास. बर्फाच्या कप्प्यातलं पाणी खाली टपटपत होतं. वरच्या खोक्याला त्यानं बोट लावलं. खोकं त्याच्या बोटाइतकंच गरम होतं.

सहा तास पंचवीस मिनिटं. त्यात दोन तास दिवे, आणि दिवसभर बंद खिडक्या. तो खाली फरशीवर बसला.

दिग्दर्शक मागून आला. त्याला सगळं कळायला दोन क्षण लागले. मग त्यानं पुढे होऊन बटण चालू केलं. 'ढुप्' झालं, दिवा लागला. "हे बघ, ताई सहाला येते ना? तोवर गार होऊन जाईल सगळं. खोकी कोरडी कर. कुणाला काय कळतंय?"

"मला."

"तू बोलू नकोस म्हणजे झालं."

कानसेननं त्याच्याकडे पाहिलं. मित्र वाईट नव्हता. तोही घाबरला होता. आणि त्याचं म्हणणं खरंही होतं, कुणालाच कळलं नसतं. ताईनं सातला पोटात सुई टोचून घेतली असती, उद्या घेतली असती, बारा दिवस घेतली असती. मग एक दिवस डॉक्टरांचा फोन आला असता, आणि ताई आपल्याच शरीराला दोष देत बसली असती. कानसेननं खिशातून मोबाइल काढला. नंबर दोनदा चुकला.

"ताई, मी फ्रिज बंद केला होता," तो म्हणाला. "सकाळी सव्वादहाला. आत्ता कळलं."

पलीकडे दुकानातली गडबड ऐकू येत होती. एक गिऱ्हाईक चष्म्याची काडी टोचते म्हणत होतं. मग ताईनं फोन ठेवला.

पाऊण तासात ती आली. तोवर बाकीचे दोघं सामान घेऊन सटकले होते. हिरो जाताना चारदा "माझंच चुकलं" म्हणाला आणि ते कुणी ऐकलं नाही. ताईनं वाटेतच डॉक्टरांना विचारलं होतं. यातलं एकही वापरायचं नाही, सगळं टाका, म्हणाल्या. भाऊजी तिकडूनच नवी खोकी आणायला गेले होते. सातच्या आत येतील.

"म्हणजे आजचं चुकत नाही?" कानसेननं विचारलं.

"तू फोन केलास म्हणून नाही चुकत."

तिनं ओरडावं असं त्याला फार वाटत होतं. ती ओरडली नाही. खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसली. मग तिनं विचारलं, "गेल्या वर्षी?"

"काय?"

"गेल्या वर्षीपण तुम्ही इथंच होतात. इंजेक्शनं आतच होती." तिनं मान वळवली. "खरं सांग. तेव्हाही केला होतास का बंद?"

"नाही गं! शप्पथ!"

"सकाळीपण तू 'नाही लावत' असंच म्हणाला होतास."

त्याच्या शब्दाची किंमत त्यानं स्वतःच्या हातानं शून्य केली होती. तो एकदम उठला, पिशवीतून जुनं रेकॉर्डिंग असलेलं यंत्र काढलं, आणि गेल्या वर्षीचा तो रविवार शोधला. चोवीस टेक. लाज वाटत होती तरी त्यानं एकही पुसला नव्हता. हेडफोन त्यानं ताईच्या कानांवर ठेवला.

"माणसांकडे लक्ष देऊ नकोस. त्यांच्या मागचं ऐक."

ताईनं डोळे मिटले. पहिला टेक, घरघर. दुसरा, घरघर. ज्या आवाजानं त्याची चाळीस लोकांत अब्रू घालवली तोच आवाज आता त्याच्या बाजूनं साक्ष देत होता. सकाळचे नऊ चाळीस, अकरा, एक, तीन, प्रत्येक टेकवर वेळ लिहिलेली. सतराव्याच्या मध्यावर ताईचे डोळे उघडले. "थांबला."

"थांब जरा."

तिनं टेबलाची कड धरली. खरं काय ते माहीत असूनही तो मनात सेकंद मोजत होता. मग ताईचा खांदा किंचित दचकला. 'ढुप्.' घरघर.

चोवीसही तिनं ऐकले. एकही सोडू दिला नाही.

"चालूच होता," हेडफोन काढत ती म्हणाली.

"हो ना! मी तुला म्हणालो..." छातीवरचा दगड उतरल्यासारखा तो बोलायला लागला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाला. ताई रडत होती.

"मला वाटलं, सापडलं," ती म्हणाली. "दुकानातून इथवर येईपर्यंत तुझा गळा दाबावासा वाटत होता. आणि बरंपण वाटत होतं रे. म्हटलं, चला, काहीतरी कारण होतं. तुझ्यावर चिडले असते वर्षभर, मग सोडून दिलं असतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता मी कुणावर चिडू?"

तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

पावणेसातला भाऊजी आले, बर्फाच्या डब्यात नवी खोकी घेऊन. मेहुण्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि हात धुवायला गेले. ताईनं उठून चेहरा धुतला. जुनी खोकी पिशवीत भरून तिनं दाराशी ठेवली.

"बारा दिवस तू इथं राहायचं," ती म्हणाली. "दुकानात इथूनच जायचं. हा फ्रिज पुन्हा गप्प बसला तर सगळ्यांत आधी तुलाच कळेल."

"बरं."

"आणि किल्ली दे इकडे."

त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. ताईनं फ्रिजचं दार उघडलं. नवी खोकी दुसऱ्या कप्प्यात नीट रचली आणि किल्ली त्यांच्या अगदी पुढ्यात ठेवली, की उद्या सकाळी त्याला घराबाहेर पडायचं तर हे दार उघडावंच लागेल. आतला दिवा लागलेला होता. दोघांनीही तो पाहिला, आणि मगच तिनं दार लावलं.