जानेवारीतला आकडा

पडद्यावर पत्ता उलटला की बटण दाबायचं. लाल असेल तर उजवं, काळा असेल तर डावं. जॅरड पिकरिंगने पंधरा मिनिटं जीव तोडून बटणं दाबली. मग क्लबच्या डॉक्टर हेलनने सुरुवातीला वाचून दाखवलेले दहा शब्द आठवून सांगायचे होते. चार आठवले.

"पास!" हेलन म्हणाली. "जानेवारीत सरासरी चारशे बारा मिलिसेकंद, आज चारशे नऊ. शब्द तेव्हाही चार, आजही चार. जसाच्या तसा आहेस, पिको. शनिवारी खेळ."

जॅरड खुर्चीतून उठला नाही. त्याला नापास व्हायचं होतं.

अठरा दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्यात उंच उडालेल्या चेंडूवर नजर ठेवून तो उलट्या दिशेने धावला होता, समोरून कोण येतंय ते न बघता. त्यासाठीच तो प्रसिद्ध होता. तेरा हंगाम आणि दोनशे अठरा सामने तो असाच धावला होता. या वेळी समोरून आलेला गुडघा कानशिलावर बसला. तेव्हापासून ऊन डोळ्यांत टोचायचं. सोमवारी घराजवळच्या चौकातल्या गोल वळशाला त्याने गाडीने चार फेऱ्या मारल्या, कारण नऊ वर्षं राहतोय ती गल्ली कुठली, ते त्याला सुचेना. शेजारी बसलेल्या ब्रॉनीला आधी वाटलं, नवरा गंमत करतोय. चौथ्या फेरीला तिचं हसू थांबलं.

हेलनला मात्र त्याने ठणठणीत आहे असंच सांगितलं होतं. बाद फेरीच्या सामन्याआधी पिको घाबरला, असं कुणी म्हणायला नको. यंत्रच सांगेल, असा त्याचा हिशेब होता.

आणि यंत्राने बरोबर उलटं सांगितलं. हंगामाआधी, डोकं शाबूत असताना प्रत्येक खेळाडूची चाचणी होते. मार लागला की नवे आकडे त्या आकड्यांशी ताडून बघतात. म्हणून जानेवारीत सगळे मुद्दाम मठ्ठ होतात, म्हणजे पुढे मार लागला तरी आकडे जुळतात. पत्ता दिसला की मनात थोडं थांबायचं, मग बटण दाबायचं. दहा शब्द आठवत असले तरी सहा गिळायचे. जानेवारीत जॅरड मुद्दाम जेवढा मंद झाला होता, नेमका तेवढाच तो आज सगळी ताकद लावून होता.

तो तडक मैदानावर गेला. कोच टूही सीमारेषेवर च्युइंगम चघळत उभा होता.

"डॉकचा मेसेज आला," टूही म्हणाला. "झकास. शनिवारी त्यांचा तो लांबडा नऊ नंबर तू अडवायचा."

"मी खेळण्याच्या अवस्थेत नाही."

"पास झालास ना?"

"कसा झालो ते तुला माहीत नाही?"

"मला काय माहीत असणार? मी डॉक्टर आहे का?"

"माझ्या पहिल्या वर्षी कॅप्टन कोण होता? चाचणीच्या वेळी शेजारच्या खुर्चीत बसून 'जरा माठासारखं वाग रे, पुढे उपयोगी पडेल' असं कोण म्हणालं?"

"थट्टा होती ती."

"तेरा वर्षं चालते होय रे तुझी थट्टा?"

"आवाज खाली. सगळे बघतायत." टूही जवळ आला. "दोन तासांचा प्रश्न आहे, पिको. त्यानंतर हवं तेवढं आजारी पड."

जॅरडच्या मुठी वळल्या. हाणावी एक, असं वाटलं. पण तो वळला आणि परत हेलनच्या खोलीकडे चालू लागला. "पिको! अरे गाढवा, थांब!" म्हणत टूही मागे धावला.

"जानेवारीतला आकडा खोटा आहे," जॅरड दारातूनच म्हणाला. "दर वर्षीचा."

हेलनने आधी ऐकून घेतलं. मग हातातलं पेन टेबलावर आपटलं. "तेरा वर्षं! आणि मी इथे बसून काय करते रे? तुम्ही खोटं मोजायला देता आणि मी खाली सही ठोकते! उद्या तुझ्या डोक्यात रक्त साकळलं असतं, तर ब्रॉनीला मी काय दाखवलं असतं, हा कागद?"

"ओरड. पण याच्यावरही ओरड. मला यानेच शिकवलं."

टूही दारात धापा टाकत उभा होता. "डॉक, हा संतापलाय, काहीही बोलतोय."

"शनिवार गेला तुझा," हेलन जॅरडला म्हणाली. "एकतीस वर्षांचा आहेस. पुढचंही बहुतेक गेलं."

"मला कळतं ते. लिहून घे. मी पण चार जणांना शिकवलंय. त्यांच्या चाचण्या पुन्हा घे, आजच."

तिने कागद ओढला. "बोल."

"केलन. दोन्ही डफी भाऊ." तो थांबला. "आणि तो... माझ्या शेजारी खेळतो तो. सव्वीस नंबर."

हेलनचं पेन थांबलं.

चेहरा डोळ्यांसमोर होता. हनुवटीवरची खूण दिसत होती, डाव्या पायाने मारायची सवयही. सहा हंगाम दोघं एकाच गाडीतून सरावाला आले होते. नाव येत नव्हतं.

"सव्वीस नंबर!" जॅरडने टेबलावर मूठ आपटली. "लाल केसांचा! अरे, माझ्या लग्नात नाचला होता तो!"



"ओरन," टूही शेवटी म्हणाला. इतक्या हळू आणि इतक्या मायेने म्हणाला, की जॅरडचं डोकं पुन्हा भडकलं.

"आता सांगतोस?" तो म्हणाला. "चालता हो इथून."