विजेच्या भट्टीवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी विजेची भट्टी. आज माझ्या पोटात समईच्या वाती, टाळ आणि बुक्क्याची डबी ठेवतात, म्हणून मुले मला कपाट समजतात. पण याच पोटात एके काळी पाव फुलत असत.

माझा जन्म विलायतेतला. बोटीने आणि मग आगगाडीने मी गोंदियाला रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावर आले. नऊ वर्षे त्याचे पाव आणि केक भाजले. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात साहेब मायदेशी निघाला, तेव्हा धानगिरणीचे मालक उदेलाल यांनी मला विकत घेतले. मंगरू नावाच्या वीजमिस्त्रीने मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसवले आणि सूनबाई धनवंता हिला एकच गोष्ट बजावली. "कोरड्या फडक्यानं पुसा जी. पोटात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका."

सासूबाई शांतीबाई कडक. साहेबाचे अंड्याचे केक भाजून आलेली भट्टी त्यांना घरात नको होती. धनवंताने माझी बाजू घेतली. शेजारणींना बोलावून ती माझे दार उघडून दाखवी, त्यावर कुंकवाचे बोट लावी. मला माझे माणूस मिळाले, असे वाटले हो!

भाद्रपदात गणपतीपुढे केशोरावबुवांचे कीर्तन ठरले. प्रसादाला माझ्यातली नानकटाई करायची, असे धनवंताने ठरवले. पण देवाचे काम! तिच्या मनात अंड्याची शंका आली. सकाळी सोवळे नेसून, कुणी नाही असे पाहून तिने माझ्या पोटात तांब्याभर गोमूत्र ओतले आणि आतून शेणाचा हात फिरवला. त्या हातात भक्ती होती. ओली झाले तरी मला राग आला नाही.

दुपारी तिने कळ दाबली. निळी ठिणगी उडाली, धूर झाला आणि तापणारी तार तुटली. नानकटाई कच्चीच राहिली. प्रसादाला साखर आणि लाह्या काढल्या.

मंगरू नवी तार घेऊन आला. जुनी तार बाहेर काढून त्याने बोटांचा वास घेतला.

"हिले आंघोळ घातली काय जी कोणी?"

सगळे धनवंताकडे पाहू लागले. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मी कायले पाणी घालू? साहेबाच्या घरूनच खोटी आली."

मंगरूने हाताचे शेण पुसले. मालकिणीसमोर मिस्त्री काय बोलणार? त्याने नवी तार बसवली. ती लालबुंद तापली, तशी त्याने सगळ्यांना दाखवून सांगितले, आता भट्टीत खोट नाही. पण शांतीबाईंचा निकाल झाला होता. बाटलेल्या भट्टीने आपला गुण दाखवला, म्हणाल्या. दोन गड्यांनी मला उचलून ओसरीवर ठेवले. धनवंता तिथेच उभी होती.

संध्याकाळी ओसरीतच कीर्तन उभे राहिले. बुवांनी स्यमंतक मण्याचे आख्यान लावले. काय गळा, काय चिपळ्या! ज्याने मण्याला हातही लावला नाही, त्या श्रीकृष्णावर चोरीचा आळ आला, तेव्हा बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. सगळ्यांत जास्त रडत होती धनवंता. मला वाटले, आता ही उठेल, आता सांगेल. देवाने मणी शोधून आणला, आळ धुऊन निघाला, जयजयकार झाला, आरती झाली.

आरतीचे ताट घेऊन ती माझ्यापाशी थांबली. कुंकवात बुडवलेले बोट माझ्या दाराकडे आले. इतक्यात सासूबाई खाकरल्या. धनवंताने ते बोट पदराला पुसले आणि पुढे गेली.

मित्रांनो, तुमच्या हातून चूक झाली तर घरातल्या मुक्या वस्तूवर ढकलू नका. तिला बाजू मांडता येत नाही. आणि माझ्यातले टाळ काढायला आलात, तर माझ्या पोटाच्या मागच्या भिंतीला एकदा हात लावून पाहा. मंगरूने बसवलेली तार अजून कोरी आहे.