हुशार ठरवलेलं कासव

मी कासव बोलतोय. सावकाश बोलेन, तेवढं सांभाळून घ्या. विद्यापीठाच्या एका इमारतीत, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, एका काचेच्या टाकीत माझा मुक्काम आहे. मुक्काम हा शब्द चुकलाच. मुक्कामाला आलेला माणूस उठून जाऊ शकतो.

अंड्यातून बाहेर पडलो तेव्हा भोवती वाळू होती म्हणे. मला आठवतं ते दुकान. तिथे आम्ही भावंडं एका परातीत एकमेकांच्या पाठीवर चढून बसलेलो. एका गृहस्थांनी मला मुलीच्या वाढदिवसासाठी उचललं. मुलीने चार दिवस मला डोक्यावर घेतलं. मग माझी रवानगी न्हाणीघरातल्या टबात झाली, आणि घरातला प्रत्येकजण दुसऱ्या कुणीतरी खायला घातलं असेल असं धरून चालायला लागला. शेवटी त्या घरच्या बाईंनी निक्षून सांगितलं, "या घरात एक तर हे कासव राहील, नाहीतर मी." गृहस्थांनी जरा जास्तच वेळ विचार केला आणि मला इथे आणून दिलं.

इथल्या प्राध्यापक बाईंना सगळे मॅडम म्हणतात. प्राण्यांना काय आणि किती काळ आठवतं, हा त्यांचा विषय. त्यांच्या हाताखाली एक संशोधक होता. विद्यार्थ्यांत वयाने मोठा, म्हणून सगळ्यांचा दादा. दादाने माझ्यासाठी एक लाकडी खोका बनवला. आत शिरलं की समोर दोन वाटा. डावी वाट पुढे बंद, उजव्या वाटेच्या टोकाला खाणं.

दादा मला त्यात पुन्हा पुन्हा सोडायचा. मी उजवीकडे वळायला लागलो. मग कितीतरी महिने मला खोका दाखवलाच नाही, आणि एका थंड सकाळी अचानक आत ठेवलं. मी सरळ उजवीकडे वळलो. दादाने टेबलावर एवढ्या जोराने थाप मारली की मॅडमचा चहा सांडला. पण मॅडम रागावल्या नाहीत. "याने लक्षात ठेवलं रे!" एवढंच म्हणाल्या.

खरी गोष्ट वेगळी होती. तो खोका नेहमी एकाच भिंतीला लावून ठेवलेला असे. त्या भिंतीच्या आतून शेजारच्या प्रयोगशाळेकडे गरम पाण्याचा नळ जातो. उजवी वाट त्या भिंतीला चिकटून होती. आमचं रक्त थंड. ऊब असेल तिकडे आमचे पाय आपोआप वळतात. मला वाटबिट काही आठवत नव्हतं. मला थंडी वाजत होती. पण हे सांगू कसं?

माझ्यावर शोधनिबंध छापून आला. खोक्यात चालतानाचं माझं चित्रीकरण जगभर बघितलं गेलं. दादाला डॉक्टरेट मिळाली आणि त्याच कामाच्या जोरावर पुढचा प्रकल्पही. पाहुणे यायचे, काचेला नाक लावून म्हणायचे, "हेच का ते हुशार कासव?" मी काचेवर नखं घासत वर चढायचो आणि घसरून पाण्यात पडायचो. "बघा बघा, आपल्याशी बोलायला बघतंय," पाहुणे म्हणायचे. मी बाहेर पडायला बघत होतो. हुशारीचा शिक्का बसल्यावर तर सुटायची आशाच संपली. मठ्ठ कासव कुणी कुणाला देऊन टाकेल, हुशार कासव कोण सोडतो?

दर वर्षी नवा संशोधक विद्यार्थी घ्यायची वेळ आली की मॅडमच्या संगणकावर अर्जांचा ढीग लागतो. मॅडम ते मोठ्याने वाचतात आणि दादा खुर्ची ओढून ऐकत बसतो. त्या वर्षी एकाने लिहिलं होतं, 'आपल्या थोर कार्याने मी लहानपणापासून भारावलो आहे.'

"लहानपणापासून?" मॅडम म्हणाल्या. "हा लहान होता तेव्हा मी स्वतःच नोकरी शोधत होते."

दुसऱ्याने पक्ष्यांवर काम करणाऱ्या भलत्याच प्राध्यापकांचं कौतुक करून ठेवलं होतं. फक्त वरचा पत्ता बदलला होता. मॅडम हसून हसून डोळे पुसत होत्या. मग पुढचा अर्ज उघडला आणि त्या हळूहळू गंभीर झाल्या.

तो एका मुलीचा होता. अगदी छोटा. मॅडम वाचत गेल्या. 'मी तुमचे दोन निबंध वाचले आहेत. एक समजला, दुसऱ्यातलं गणित समजलं नाही. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं वडिलांच्या आजारपणात घरी होते, त्या काळात संशोधन केलेलं नाही. एम.एस्सी.चा माझा प्रकल्प फसला. एक शंका आहे. चित्रीकरणात कासव उजवीकडे जातं, पण खाण्याकडे बघतसुद्धा नाही, भिंतीला चिकटून बसतं. त्या बाजूला काही ऊब आहे का? हे तपासलं असेल तर माफ करा, मला निबंधात सापडलं नाही.'

मी पाण्यातून मान वर काढली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे नीट पाहिलं होतं, आणि तेही मला न भेटता.

"आगाऊ दिसतेय," दादा म्हणाला.

मॅडमनी त्या भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बोलाव तिला," त्या म्हणाल्या.

ती आली त्या दिवशी मॅडमचा तास लांबला होता. इस्त्री केलेला पण कोपरावर विरलेला कुर्ता, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर रात्रभर झोप न झाल्याच्या खुणा. ती माझ्या टाकीसमोरच्या स्टुलावर बसली. दादाने तिला चहा आणून दिला. माणूस वाईट नाही तो.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडमना तुझा अर्ज आवडलाय. जागा तुझीच आहे असं समज. फक्त ती शंका आज काढू नकोस. विचारलंच तर सांग, निबंध पुन्हा वाचला आणि उत्तर मिळालं."

"उत्तर आहे का त्यात?"

दादाने आपला कप खाली ठेवला. "माझी सात वर्षं आहेत त्यात," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे तिची मोठी बहीण होती. आवाज असा खणखणीत की पाण्याखालीही स्पष्ट ऐकू यावा. "झालं का गं? हे बघ, त्या शाळेतल्या नोकरीचं आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तुझ्या भावजींनी शब्द टाकलाय तिथे. मला एकटीला आता घर रेटवत नाही, बाई."

"ताई, इथे मिळेल बहुतेक. पण एका गोष्टीवर गप्प बसावं लागेल."

"मग बस की! दातखीळ बसली समज. सगळं खरं खरं ओकायलाच हवं का दर वेळी?"

मुलीने फोन बंद केला आणि काचेवर कपाळ टेकलं. तिचा श्वास काचेवर उमटत होता आणि विरत होता. "तूच सांग रे बाबा," ती मला म्हणाली. मी पापणी मिटली. त्यापलीकडे मला काय येतं?

मॅडम आल्या. दादाही आला आणि दाराशी उभा राहिला. मॅडमनी बसता बसताच विचारलं, "प्रकल्प फसला असं कुणी अर्जात लिहितं का गं?"

"फसला होता, मॅडम. गोगलगाईंची अंडी उबतच नव्हती. थंडीमुळे, असं मी लिहून मोकळी होणार होते. मग कळलं, मी नळाचं पाणी वापरत होते आणि त्यात जंतू मारायचं औषध टाकलेलं असायचं."

"मग काय लिहिलंस?"

"तेच लिहिलं. गुण कमी मिळाले."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "आणि ती शंका? आहे अजून, की गेली?"

मुलीने दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता. तिने बाटली उघडली, पाणी न पिताच बंद केली. मला ती धडपड ओळखीची वाटली. चारी बाजूंना काच असली की आधी असंच कुठेतरी नख लागतंय का ते बघतो आपण.

"आहे," ती म्हणाली. "खोका उलटा फिरवून ठेवला तर लगेच कळेल. मग ऊब डावीकडे येईल आणि खाणं उजवीकडेच राहील. त्याला वाट आठवत असेल, तर ते उजवीकडे जाईल."

मॅडमनी स्वतः उठून खोका फिरवला. दादाने मला उचललं. त्याचे हात गार पडले होते. खोक्यात ठेवण्याआधी तो क्षणभर थांबला, जणू त्याला मला काही सांगायचं होतं.

आता इथे मी म्हणालो, की मुलीच्या खरेपणाला साथ द्यायची म्हणून मी डावीकडे वळलो, तर गोष्ट छान होईल. पण तसं नव्हतं. उजवीकडून खाण्याचा वास येत होता, भूकही होती. उजवीकडे गेलो असतो तर दादा वाचला असता, माझा मानही राहिला असता. हे सगळं मला कळत होतं. पण पायांना कळत नव्हतं. त्या मुलीला निवडता आलं. मला निवडता आलं नाही. मी डावीकडे वळलो, बंद वाटेत शिरलो आणि कोमट भिंतीला पाठ लावून बसलो.

मॅडमनी मला आणखी दोनदा सोडलं. मी दोन्ही वेळा तिथेच गेलो.

"हे कधी तपासलं होतंस का?" मॅडमनी दादाला विचारलं.

"नाही मॅडम."

"मीही नाही विचारलं तुला. माझंही नाव आहे त्यावर." मग मॅडम मुलीकडे वळल्या. "तुला मी डोळे झाकून घेतलं असतं. पण आता हा निबंध मागे घ्यावा लागेल. पुढचा प्रकल्प याच्याच आधारावर मंजूर झाला होता, आणि तुझा पगार त्या प्रकल्पातून होता. म्हणजे ज्या जागेसाठी तू आलीस, ती जागाच आता उरत नाही."

मुलीने मान हलवली. "बरं," म्हणाली. उठताना स्टूल पडलं, ते तिने सरळ केलं. दाराबाहेर जाऊन ताईला फोन लावला. "शाळेला हो कळव," एवढंच मला ऐकू आलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर दादा माझ्या टाकीजवळ जमिनीवरच बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अरे, एकदा तरी उजवीकडे वळायचंस." मग हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. दुसऱ्या दिवशी निबंध मागे घेतल्याचं पत्र त्याने स्वतःच लिहिलं. मॅडम म्हणाल्या, मी लिहिते. त्याने ऐकलं नाही.

त्यानंतर पाहुणे यायचे थांबले. टाकीवरची 'हुशार कासव' ही पाटी निघाली. मला वाटलं, आता तरी सोडतील. मॅडम आणि दादा तसं बोललेही. पण काचेत वाढलेलं कासव बाहेर जगत नाही, असं ठरलं. खरंच असेल ते. मला शिकार येत नाही, लपणं येत नाही. हुशार होतो म्हणून अडकलो होतो, आता बिनकामाचा आहे म्हणून अडकलोय.

मागच्या आठवड्यात मॅडमना एक लहानसा प्रकल्प मिळाला. थंडी-ऊब आणि प्राण्यांची वाट निवडण्याची रीत, असा काहीतरी विषय. दादानेच तो मांडला होता. मॅडमनी सगळ्यात आधी त्या मुलीला फोन लावला. "पगार कमी आहे," त्या म्हणाल्या, "आणि कासव तेच आहे. येतेस?"

फोनमध्ये मागे मुलांचा गोंगाट चालला होता. "मॅडम, मला यायचंय," ती म्हणाली. "पण शाळेला वर्ष पूर्ण करायचा शब्द दिलाय. मधेच सोडलं तर मुलांची परीक्षा बुडेल. तुम्ही दुसऱ्या कुणाला घेतलंत तर मी समजू शकते."

मॅडम दादाकडे बघून कपाळाला हात लावत हसल्या. "थांबते मी," म्हणाल्या.

तर असे आम्ही थांबलोय. मॅडम कागद वाचतात, दादा नवा खोका तासतो, मी पाण्यात बसतो. ती आली तरी माझी टाकी हीच राहणार, हे मला माहीत आहे. पण ती दिवसातून एकदा तरी विचारेल, हे असं का करतंय? तेवढ्यासाठीही मी थांबेन. तुमच्या घरी, शाळेत, दुकानात माझ्यासारखं कुणी काचेत असेल, तर त्याला हुशार किंवा मठ्ठ ठरवायच्या आधी एवढं बघा, की ते गारठलंय का. आमच्याकडून सांगणं होत नाही. तुम्हालाच विचारावं लागेल.