सिपितिओची पावलं

कॉव्हेंट्रीतल्या त्या सेमी-डिटॅच्ड घराच्या हॉलमध्ये बुटांचा असा ढीग पडला होता की पाय ठेवायला जागा उरली नव्हती. महाराष्ट्र मंडळाची निम्मी माणसं लिव्हिंग रूममध्ये दाटीवाटीने बसली होती आणि सगळ्यांचे डोळे मागच्या कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे बागेकडच्या खोलीच्या, बंद दारावर खिळले होते. आतून घंटा वाजत होती, एक क्षणही न थांबता. घंटेच्या जोडीला मंत्र म्हणणाऱ्या पुष्करनाथांचा घोगरा आवाज होता. मग घंटा थांबली, दार उघडलं आणि नाथजी उपरण्याने घाम पुसत बाहेर आले. मंडळाच्या सेक्रेटरी नीनाने आत डोकावून पाहिलं आणि तिचा हात आपोआप छातीवर गेला.

"पावलं उमटलीत," ती म्हणाली. "एवढीशी. बाळाची असतात तशी."

जमिनीवर काळ्या प्लास्टिकची लांब पट्टी अंथरली होती आणि तिच्यावर चाळलेली राख पसरली होती. खरं तर नाथजींना चुलीतली राख हवी होती. कॉव्हेंट्रीत चूल कुठून आणायची, म्हणून बार्बेक्यूतली राख पिठाच्या चाळणीतून काढली होती. त्या राखेत बागेच्या दारापासून घरातल्या छोट्या कुशच्या खुर्चीपर्यंत इवल्या पावलांची रांग गेली होती आणि प्रत्येक पावलाची बोटं बागेकडे होती.

"बोटं बाहेर, चाल आत," नाथजी म्हणाले. "उलट्या पायांचा आहे तो. तुमच्या पोरापर्यंत आलाय."

मोबाइल वर झाले. काहींनी हात जोडले, काहींनी मोबाइलसकट जोडले. दाराशी उभ्या असलेल्या सुप्रभाला मात्र शिसारी आली. सगळा जन्म लीड्सच्या शाळांमध्ये केमिस्ट्री शिकवण्यात गेलेल्या या बाईने वात्रट पोरं पुष्कळ पाहिली होती. पण ती पोरं निदान पकडली गेली की लाजायची.

हे घर तिच्या मुलाचं, समरचं. समर इथेच जन्मलेला, डेटा अॅनालिस्ट. त्याची बायको येसेनिया मूळची एल साल्वादोरची. मध्य अमेरिकेतला तो चिमुकला देश सोडून ती लहानपणीच आईबरोबर इंग्लंडला आली. ती आई, एल्बा, आता यांच्याकडेच राहायची आणि सहा वर्षांच्या नातवाला, कुशला, तिकडच्या भुतांच्या गोष्टी सांगायची. नदीवर केस धुणारी सिग्वानाबा, जवळ गेलेल्या पुरुषाकडे वळून बघते तर तोंड घोड्याचं. दारू पिऊन घरी निघालेल्या माणसाला सोबत करणारा पांढरा कुत्रा, कादेहो. आणि सिग्वानाबाचा मुलगा सिपितिओ: मोठी टोपी, सुटलेलं पोट, पाय उलटे. तो कधी मोठा होत नाही, केळी चोरतो आणि चुलीतली राख खातो.

"माझ्या वडिलांना सिग्वानाबा दोनदा भेटली," एल्बा सांगायची. "दोन्ही वेळा पगाराच्या दिवशी. ओले कपडे आणि रिकामा खिसा घेऊन घरी आले की आईला काहीतरी सांगायला नको का?" आणि मग ती आणि सुप्रभा पोट धरून हसायच्या. दोघींची भाषा वेगळी, इंग्रजी दोघींचं आपापल्या चालीचं, पण या एका गोष्टीवर त्यांचं सूत जमलं होतं.

मग कुशला फिट्स येऊ लागल्या. फिट येण्याआधी तो दर वेळी नाक वर करायचा आणि म्हणायचा, "राखेचा वास येतोय." हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं की मेंदूच्या ज्या भागात गडबड सुरू होते तिथेच वासाचं काम चालतं, म्हणून नसलेला जळका वास येतो. तो वास म्हणजे फिट येत असल्याची सूचना. पण पहिल्या औषधाने फिट्स थांबल्या नाहीत. दुसऱ्याने कमी झाल्या, पण पोर दिवसभर पेंगायला लागलं. घाबरलेल्या आईबापाला राख आठवली, राखेवरून सिपितिओ आठवला आणि त्या भीतीचा वास नाथजींना लागला.

हे पुष्करनाथ मूळचे पुण्याचे पुष्कर. वर्क व्हिसावर मँचेस्टरला सॉफ्टवेअर टेस्टिंग करायला आले, नोकरी गेली आणि सिद्धी आली. "भुताला व्हिसा लागत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. "आपली हडळ तीच त्यांची सिग्वानाबा. हिचे पाय उलटे, तिच्या पोराचे पाय उलटे. सिस्टिम वेगळी, बग तोच." लोक माना डोलवायचे. एका संध्याकाळी इंटरनेटवर वाचलेलं साल्वादोर नाथजींच्या तोंडून असं वाहायचं की जणू त्यांचं आजोळच तिकडचं.

सुप्रभाला हे सगळं आदल्या दिवशी फोनवर कळलं, आणि सगळ्यांत भयंकर गोष्ट शेवटी कळली. मंगळवारपासून कुशचं औषध बंद होतं. ती सकाळी उठून गाडी काढून निघाली, तर इथे ही जत्रा.

"समर, औषध असं एकदम बंद केलं तर फिट जास्त मोठी येते. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय," तिने आल्या आल्या म्हटलं होतं.

"आई, ते मेडिसिन वर्क नाही करत आहे. तो पूर्ण दिवस झोपलेला असतो. माझी मुलगा मला परत पाहिजे, दॅट्स ऑल." समरचे डोळे लाल होते. "नाथजी म्हणतात मेडिसिनने तो जास्त अँग्री होतो."

"कोण?"

समर खाली बघत राहिला. विज्ञानाच्या पदवीची सुरळी करून कपाटात ठेवलेल्या माणसाला सिपितिओचं नाव घ्यायची लाज वाटत होती, हीच काय ती आशा.

आता सगळे कॉन्झर्व्हेटरीत दाटले होते आणि नाथजी कामाला लागले होते. त्यांनी केळं सोललं, ज्या हाताने मघाशी मानेचा घाम पुसला होता त्याच हाताने ते कुस्करलं आणि त्यात राखेची चिमूट टाकून बोटाने कालवायला सुरुवात केली. करड्या, चिकट गोळ्यात त्यांची काळी नखं बुडत होती.

"हा त्याचा नैवेद्य. मुलाच्या तोंडून त्याला द्यायचा. तृप्त झाला की जाईल."

येसेनियाच्या मांडीवर बसलेल्या कुशने तोंड फिरवलं. कोपऱ्यातून एल्बा उठली. तिच्या कपाळावर आठी होती.

"सिपितिओ पोरींना खडे मारतो, केळी चोरतो, खिदळतो," ती म्हणाली. "त्याने आजवर एकाही लेकराला आजारी पाडलेलं नाही. हा माणूस त्याची बदनामी करतोय."

"माताजी, तुम्हाला त्याचं खरं रूप माहीत नाही," नाथजी हसून म्हणाले. एल्बाच्या देशातलं भूत एल्बालाच शिकवायला निघालेला हा गृहस्थ पाहून सुप्रभाला हसू यायला हवं होतं. आला तो संताप. ती पुढे झाली आणि राखेच्या पट्टीशी गुडघे टेकून बसली.

मघापासून तिला त्या रांगेत काहीतरी खुपत होतं. आता जवळून दिसलं. तिने कुशला हाक मारली.

"कुश, सॉक्स काढ. इकडे ये आणि या राखेवरून चालून दाखव बघू."

"मंडल भंग होईल," नाथजी म्हणाले.

"होऊ दे. मी नंतर झाडून काढते."

कुश पट्टीच्या कडेने चालला. राखेत त्याची पावलं उमटली: एक डावं, एक उजवं, मग डावं, मग उजवं. अंगठा एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला.

"आता नाथजींच्या पाहुण्याची पावलं बघा," सुप्रभा म्हणाली. "अंगठा कुठल्या बाजूला आहे? नीना, तू सांग."

नीना वाकली. एकेक पाऊल पाहत शेवटपर्यंत गेली. "सगळ्यांचा एकाच बाजूला आहे."

"म्हणजे सगळे उजवे पाय. भूत उलट्या पायांचं आहे हे मी मान्य करीन. पण ते लंगडी घालत आलं का?"

दोघं-तिघं हसले. सुप्रभाने सुनेकडे हात केला. "येसेनिया, इथे बस. गेल्या वर्षी मंडळात गौरी आल्या तेव्हा मी तुला दारापासून पावलं काढायला शिकवलं होतं ना? तांदळाच्या पिठात हात बुडवून? तसंच कर."

येसेनियाला क्षणभर कळेना. मग तिने उजव्या हाताची मूठ वळली, करंगळीकडची कड राखेत दाबली आणि बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके दिले. राखेत एक इवलं, गोंडस पाऊल उमटलं, हुबेहूब बाकीच्यांसारखं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"हे मी काढलंय," ती हळू म्हणाली. "असलीच पावलं मी स्वतः काढली आहेत."

"अगं बाई, ही तर आपल्या गौरीची पावलं," नीना म्हणाली. खोलीतल्या झाडून सगळ्या बायका दरवर्षी ती काढत होत्या. दरवर्षी आपल्याच मुठीने काढलेलं पाऊल ज्यांना ओळखता आलं नाही, त्यांच्या श्रद्धेला काय म्हणावं? डोळे बाहेर बुटांबरोबर काढून ठेवले होते, दुसरं काय.

नाथजींनी अजून हार मानली नव्हती. "ताई, मी आत असताना घंटा अखंड वाजत होती. सगळ्यांनी ऐकलंय. एक हात घंटेत गुंतलेला असताना मी हा उद्योग कसा करणार?"

"दुसऱ्या हाताने," सुप्रभा म्हणाली. तिने डाव्या हातात घंटा घेतली आणि वाजवत वाजवत उजव्या मुठीने पावलांमागून पावलं उठवत गेली. "डावा पाय काढायला डावी मूठ लागते. तुमची डावी घंटेत अडकली होती. घंटा थांबवली असती तर आम्हाला संशय आला असता. नाही थांबवली, म्हणून तुमचं भूत एका पायाचं झालं."

खोलीत कुजबुज सुरू झाली. पितळ उघडं पडलं की अशी माणसं शेवटचं शस्त्र काढतात, तेच नाथजींनी काढलं. त्यांनी आवाज चढवला. "तुम्ही त्याचा अपमान केलाय. याची किंमत हे पोर मोजणार."

आणि कुशने नाक वर केलं.

"आजी," तो म्हणाला, "राखेचा वास येतोय."

पुढच्या क्षणी त्याचे डोळे फिरले आणि तो कोसळला. हातपाय ताठ झाले, झटके यायला लागले. नीना मागे सरकली. "खरंच शाप लागला की काय," असं कुणीतरी पुटपुटलं, आणि मघाशी हसलेल्या माणसांचे हात पुन्हा जोडले गेले.

"चप्पल हुंगवा. तोंडात चमचा घाला," नाथजी ओरडले, पण ते स्वतः भिंतीला चिकटले होते.

"खबरदार कुणी तोंडात काही घातलं तर," सुप्रभा म्हणाली. तिने आणि एल्बाने मिळून कुशला कुशीवर वळवलं. एल्बाने आपली शाल त्याच्या डोक्याखाली सरकवली. "समर, अँब्युलन्सला 999 लाव. आणि हा शाप नाही. मंगळवारपासून पोटात औषध नाही, त्याची ही फिट आहे. कावळा बसला आणि फांदी तुटली म्हणून कावळ्याच्या पाया पडू नका. ही फांदी कुणी कापली ते बघा."

झटके थांबले तेव्हा समर जमिनीवर बसून रडत होता. अँब्युलन्स आली. पॅरामेडिक बाईने विचारलं, "औषध कधी बंद केलं?" समरने सांगितलं. "कुणाच्या सल्ल्याने?" या प्रश्नावर सगळ्यांनी वळून नाथजींना शोधलं.

नाथजी नव्हते. त्यांचे चकचकीत काळे बूट हॉलमधल्या ढिगात तसेच होते. कॉन्झर्व्हेटरीचं बागेकडचं दार सताड उघडं होतं आणि राखेच्या पट्टीवरून मोठ्या माणसाची अनवाणी पावलं गेली होती. डावं, उजवं, डावं, उजवं. बोटं दाराकडे. ती उलटी नव्हती.

कुशने स्ट्रेचरवर डोळे उघडले. "आबुएला," त्याने आजीसाठीच्या स्पॅनिश हाकेने एल्बाला विचारलं, "सिपितिओ आला होता?"

"नाही रे राजा," एल्बा म्हणाली. "तो गोष्टीतच असतो. तुझं औषध घे, मग सांगते त्याची गोष्ट."

येसेनियाने फ्रिजच्या वर ठेवलेली औषधाची बाटली स्वतः उतरवली आणि छातीशी धरून अँब्युलन्समध्ये चढली. समर तिच्यामागे गेला. दाराशी तो आईसमोर थांबला. सुप्रभाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पेंग येते तर डॉक्टरांना सांग, डोस बदलून माग. भांड त्यांच्याशी. तो तुझा हक्क आहे. जा."

तिला त्यांच्यामागून गाडीने जायचं होतं. पण मंडळाची माणसं बूट शोधत घोटाळत होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नीना झाडू घेऊन आली.

"थांब, लगेच झाडू नकोस," सुप्रभा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. राग ती लपवत नव्हती. "आधी सगळ्यांनी एकदा नीट बघा. आज या घरातलं एक पोर तुमच्या डोळ्यांदेखत मेलं असतं आणि तुम्ही त्याचा व्हिडिओ काढला असता. भुतांच्या गोष्टी सांगा, मीही ऐकेन. एल्बासारख्या कुणी सांगत नाही. पण गोष्टीतल्या भुताच्या नावाने कुणी तुमच्या लेकराचं औषध काढून घ्यायला आलं, तर हात जोडायच्या आधी खाली वाकून बघा. जवळून बघा. आणि त्याला एवढंच विचारा, दुसरा पाय कुठे आहे?"