भागाबाईचा आढावा

देवगिरी वाघिणी या शहरातल्या बास्केटबॉल संघाचे दहा सामने झाले, त्यातले आठ हरले, आणि प्रेमदास सरांना राहवलं नाही. रविवारी सकाळी त्यांनी गावाच्या ग्रुपवर 'अर्ध्या हंगामाचा आढावा' असा मथळा देऊन भलंमोठं लिहून टाकलं. सर आता निवृत्त झाले होते, पण शाळेच्या मैदानात बास्केटबॉलचा खांब उभा केला तो त्यांनीच, आणि आज वाघिणींकडून खेळणाऱ्या भागाबाईच्या नातीच्या, पुजाच्या, हातात पहिला चेंडू दिला तोही त्यांनीच. तेव्हा वाघिणींबद्दल बोलायचा पहिला मान आपला, असं ते धरूनच चालत. भागाबाई टीव्हीवर वाघिणींचा एकही सामना चुकवत नसे, पण तिला लिहिता येत नव्हतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

भागाबाई अंगणात एका मेंढीचा पाय गुडघ्यात धरून वाढलेला खूर कापत बसली होती. सून दिपाली मोबाईल धरून वाचत होती. बचाव ढिसाळ, पास आंधळे, कोचचं डोकं ठिकाणावर नाही. मग दिपाली एकदम थांबली. पुजाची आईच ती.

"वाच की. काहून थांबली?"

"'पुजाच्या खेळात पहिल्यासारखी भूक राहिली नाही. पोरगी उडीच मारत नाही. शहराची हवा लागली. उरलेला हंगाम तिला बाकावर बसवलेलं बरं.'" "चाळीस जणांनी अंगठे दिलेत, आत्याबाई."

"मास्तरला खेळ कळतो. पाय कळत न्हाई," भागाबाई म्हणाली आणि मेंढी सोडून दिली.

चाळीस वर्षं मेंढरांमागे फिरलेली बाई ती. सामना बघतानाही तिची नजर चेंडूवर ठरतच नसे, पायांवर जाई. पुजा पहिल्यापासून डाव्या पायावर उडी घेणारी. सहाव्या सामन्यापासून ती उजव्यावर घ्यायला लागली, आणि खाली येताना डावं पाऊल जरा मागाहून टेकवायला लागली. शिट्टी झाली, पोरी बाकाकडे निघाल्या, की पुजा नेमकी मधोमध घुसून चालायची. हे बघितलं तेव्हापासून भागाबाईला घास गोड लागत नव्हता. पाय दुखरा झालेलं मेंढरू असंच करतं. मागे राहत नाही, कळपाच्या मध्ये शिरून चालतं, म्हणजे धन्याच्या ध्यानात येत नाही.

अकरावा सामना त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता होता. साडेतीनला खेळाडूंचे फोन काढून घेत. भागाबाईने दुपारपासून व्हिडिओ फोन लावायचा धोशा लावला. चौथ्यांदा पुजाने उचलला.

"आजी, सामना हाय आज."

"डावा पाय दाव मला."

"काई झालं न्हाई पायाला."

"मंग फोन टेबलावर ठेव, अन् दारापर्यंत चालत जाऊन ये."

पुजा जागची हलली नाही. तिने आवाज अगदी खाली आणला. "गुडघ्यात काईतरी सरकलंय. पाच सामने रेटले. अजून दोन रेटले की पुढच्या सालचा करार पक्का. त्यायला कळलं तर आजच काढतील."

"लेकरा, पाय जाईल. जन्माचा जाईल!"

"लंगडी दिसली की बाजार. तूच शिकवलं ना? माझ्या भुरीचं काय केलं तू?"

फोन कट झाला.

भुरी ही आई मेलेली मेंढी. नऊ वर्षांच्या पुजाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती. एका संध्याकाळी पोर धावत आली, म्हणाली, आजी, भुरीचा पाय दुखतो, औषध लाव. भागाबाईने पाय बघितला, आणि येत्या बाजारी भुरीला बाळापूरला नेऊन विकलं. पुजा दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर कुठलं मेंढरू लंगडतं हे तिने कधीच सांगितलं नाही. पोर शहाणी झाली, असं तेव्हा भागाबाईला वाटलं होतं.

"प्रेमदास सरायकडं कोचचा नंबर हाय," दिपाली डोळे पुसत म्हणाली. "सांगून टाकू का?"

भागाबाईच्या ओठांवर 'सांग' आलं होतं. पाय वाचला असता. पण तिने नाही म्हणून मान हलवली. "भुरीला तसंच नेलं व्हतं म्या. पोरीला न इचारता. परत तेच करू?" आणि मोबाईल हातात घेऊन म्हणाली, "माझा आवाज धाड तिला."

दिपालीने बटण दाबून धरलं.

"पुजे, मास्तरनं आढावा लिव्हला, आता माझा आयक. भुरीचं माझंच चुकलं. औषध लावलं असतं तर आठ दिसांत चालली असती. बाजार तोंडावर आला व्हता, म्हणून इकली. तवापासून तू भेलीस. आता लपू नको, माय. समद्यायच्या म्होरं लंगड. करार जाऊ दे. घरी ये, मी पाय चोळीन. मी जिती हाय तवर तुला कुनी बाजारात नेत न्हाई."

निरोप पोचला. ऐकला की नाही, ते काही दिसेना. साडेतीन वाजून गेले.

भागाबाईने त्या दिवशी मेंढरं चार वाजताच जाळीच्या कुंपणात कोंडली. सामना सुरू झाला तेव्हा पुजा पहिल्या पाचात होती, आणि पाय लपवूनच खेळत होती. भागाबाई पदराचा बोळा तोंडात धरून बसली. दोनदा पुजाने उजव्यावर उडी घेतली, दोनदा भागाबाईने डोळे मिटले. ग्रुपवर शिव्या पडत होत्या. मध्यंतर झालं. पोरी आत गेल्या, पुजा मधोमध.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडू रिंगवर आपटून वर उडाला. खाली पुजा एकटी. सगळं मैदान तिच्या उडीची वाट बघत होतं.

तिने उडी मारली नाही. बाकाकडे बघून हात वर केला. आधाराला आलेल्या पोरीला बाजूला सारलं आणि मैदानाच्या मधून, सगळ्यांच्या देखत, डावा पाय ओढत, एकटी चालायला लागली. प्रेक्षक हुर्यो करत होते. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, नाटक. दिपाली हुंदके देत म्हणाली, "गेलं, आत्याबाई. समदं गेलं."

भागाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी नजर पायांवरून हलली नव्हती.

"रडू नको," ती म्हणाली. "बघ तिच्याकडं. लई दिसांनी बराबर चालून राहिली."