रोक्सानाची कासेरा

"आईला कासेरा म्हणते! चार परक्या माणसांसमोर!"

इलारिया चोकेने चुन्योची गोणी अशी आपटली की शेजारच्या सातुर्निनाच्या कांद्यांवर धूळ उडाली. डोंगरावरच्या थंडीत गोठवून वाळवलेल्या त्या काळ्या बटाट्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण रोद्रीगेस बाजारात त्या सकाळी राग काढायला दुसरं कुणी समोर नव्हतं.

"त्यात काय एवढं?" सातुर्निना कांदे पुसत म्हणाली. "मला माझी सगळी गिऱ्हाइकं कासेरा म्हणतात. मी त्यांना म्हणते. सगळं ला पाझ एकमेकांना तेच म्हणतं."

"गिऱ्हाइकानं म्हणावं की! पोटच्या पोरीनं म्हणायचं?"

रोज दुपारच्या आधी रोक्साना लाल छत्री उंच धरून बाजारात यायची. मागे धापा टाकणारे दहा-बारा प्रवासी. ती इलारियाच्या पथारीसमोर थांबायची आणि गाणं पाठ केल्यासारखं सांगायची, की इथे प्रत्येक घराची एक ठरलेली भाजीवाली असते, तिला सोडून दुसरीकडे गेलात तर ती आठवडाभर तोंड फिरवते, आणि तिला धरून राहिलात तर वर दोन बटाटे जास्त टाकते. मग छत्री खाली आणून म्हणायची, "ही माझी कासेरा." लोक हसायचे, बटाट्यांचे फोटो काढायचे, पुढे जायचे. इलारिया तेवढा वेळ तराजूच्या काट्याकडे बघत राहायची. काटा हलत नसतानाही.

आणि पोरीचं नाव आता रोक्सी होतं. बाप्तिस्म्याचं धड नाव सोडून कुत्रीला हाक मारावी तसलं नाव घेतलं होतं तिनं.

"मी ठरवलंय," इलारिया म्हणाली. "गवंड्याला बोलावते. गच्चीवरच्या सळया कापून टाकते आणि वर पत्रा ठोकते. संपलं."

सातुर्निनाच्या हातातला कांदा थांबला. त्या सळया बाजारात सगळ्यांना माहीत होत्या. नवरा गेल्यावर इलारियाने घर बांधलं, खालचा मजला पुरा केला आणि वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया उभ्या सोडल्या. वरचा मजला रोक्सानाचा. पण रोक्साना तिकडे खाली शहरात, सोपोकाची भागात खोली घेऊन राहायला लागली होती आणि रविवारी यायची ती पाहुण्यासारखी, केक घेऊन.

"एकदा विचार तरी तिला."

"विचारू कशाला? बघतेच." इलारियाने पथारीवर निळी ताडपत्री ओढली, कडेने दगड ठेवले. "तुझा डोळा असू दे इथे."

"अगं पण चाललीस कुठे? ऐन बाजाराच्या वेळी?"

"शहर बघायला."

मुरिय्यो चौकात कबुतरं होती आणि त्यांना दाणे टाकणारे लोक होते. लाल छत्रीखाली प्रवासी गोळा होत होते. इलारिया घरी जाऊन, कपडे बदलून आली होती. लग्नकार्यातला मोरपंखी पोयेरा, म्हणजे घेरदार घागरा, आतल्या सगळ्या परकरांसकट. शालीला चांदीची पिन. काळी वाटोळी टोपी, डोक्यावर अगदी सरळ. ती येऊन रांगेत मधोमध उभी राहिली.

रोक्सानाचं बोलणं तुटलं. ती हळूच जवळ आली. "आई, काय हे? घरी काही झालंय का?"

"फुकट फेरी आहे ना? पाटीवर लिहिलंय म्हणे, कुणीही यावं. मी कुणीतरी आहेच की."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. बघायलाच आलेत."

रोसारिओहून आलेल्या एका आर्जेन्टिनी बाईंनी कौतुकाने मान वाकडी करून विचारलं, "सेन्योरा, तुम्ही कुठून आलात?"

"वरनं," इलारियाने डोंगराकडे हनुवटी केली. "जरा लांबच पडतं."

रोक्सानाने छत्री उंच केली आणि संसदेच्या इमारतीकडे वळली. "आता वर बघा. घड्याळ बघा. काटे उलटे फिरतात."

सगळ्यांनी वर पाहिलं. इलारियानेही पाहिलं, आणि तिचं तोंड उघडं राहिलं. या चौकातून ती जन्मभर गेली होती. पाठीवर ओझं असलं की माणूस पायाखाली बघतो. दोनदा मोर्च्यात आली होती, तेव्हा डोळ्यांत धूर होता. आकडे उलटे, काटे उलटे. ही राजधानीची वेळ तिच्या डोक्यावर एवढे दिवस फिरत होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बिघडलंय का?" एका दाढीवाल्या स्पॅनिश पोराने विचारलं.

"मुद्दाम केलंय," रोक्साना म्हणाली. "उत्तरेकडच्यांनी घड्याळ त्यांच्या उन्हाच्या चालीनं केलं. आमच्याकडे सावली उलटी फिरते. मग आम्ही का म्हणून त्यांच्या बाजूनं फिरायचं?"

लोक हसले. इलारियाला पोरीचा आवाज आवडला. आवडला म्हणून जास्तच राग आला.

चढावर प्रवाशांची दमछाक झाली. दाढीवाला एका पायरीवर बसला आणि आकाशाकडे बघत म्हणाला की इथे हवाच नाही. रोसारिओच्या बाईंनी कोपऱ्यावर साल्तेन्या, मांस भरून भाजलेली करंजी, घेतली, चुकीच्या टोकाला चावली आणि आतला सगळा रस्सा त्यांच्या पांढऱ्या कोटावर ओघळला. इलारियाने बाहीतून रुमाल काढून दिला. "उभी धरायची, बाई. आधी वरनं प्यायची, मग खायची. लहान पोरांनाही येतं." रोक्सानाने वळून पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तिने ते गिळलं.

मग लाल केबलकार. डबा जमिनीवरून सुटला आणि शहर खाली वाटीसारखं पसरलं. विटांची घरं डोंगराच्या कडांना धरून वर वर चढत गेलेली. प्रवासी एका दमात दहा गोष्टी बोलायला लागले. किती सुंदर. किती भयंकर. पाऊस आला की वाहून जात नाहीत का? एवढ्या उंचावर कुणाला राहावंसं कसं वाटतं?

इलारिया काचेला नाक लावून बसली होती. तिला आपलं घर सापडलं होतं. दोरीवरची हिरवी चादर वाळत होती. वरून ते घर फार लहान दिसत होतं, आणि गच्चीवरच्या सळया उभ्या होत्या, कुणीतरी बोटं वर करून काही मागत असल्यासारख्या.

"ही सगळी घरं अर्धवट का आहेत?" रोसारिओच्या बाईंनी विचारलं. "पैसे संपले का त्यांचे?"

"नाही," रोक्साना म्हणाली. ती घराकडे बघत नव्हती. रोज बघून डोळा चुकवायची सवय झाल्यासारखी दुसऱ्या बाजूला वळली होती. "वरचा मजला मुलांसाठी राखून ठेवतात. त्या सळया दिसतात ना? त्यांना आम्ही आशा म्हणतो."

कॅमेरे वळले.

"आशेला गंज चढतो," इलारिया काचेशी बोलली. पण डब्यात सगळ्यांनी ऐकलं. दाढीवाला खो खो हसला. रोक्साना हसली नाही.

बाजारात शिरताना सातुर्निनाने लांबूनच हात वर केला आणि तोंड उघडलं. इलारियाने नुसतं पाहिलं. सातुर्निनाने तोंड मिटलं आणि कांदे मोजल्यासारखं करायला लागली.

रोक्साना निळ्या ताडपत्रीपुढे थांबली. छत्री हातात तशीच. तोंडपाठ वाक्यं होती, पण ती ज्या बाईवर टेकवायची ती बाई प्रवाशांमध्ये उभी होती.

"इथे प्रत्येक घराची एक..." ती थांबली. "इथे बसणारी बाई आज नाहीये."

"आजारी आहे का?" दाढीवाल्याने विचारलं.

"ती आजारी पडत नाही."

"मग?"

"सुट्टी घेतली असेल. तिनं कधी घेतलेली मी पाहिली नाही."

इलारिया वाट बघत होती. शालीच्या आत तिने बोटं घट्ट धरली होती. पुढचं वाक्य यायला हवं होतं, ते येत नव्हतं. येणारही नाही असं तिला वाटलं. आज संध्याकाळीच गवंडी. करवत त्याची, पत्रा सातुर्निनाच्या भावाच्या दुकानातून.

तेवढ्यात रोसारिओच्या बाई पुढे झाल्या. त्यांनी इलारियाच्या दंडाला हात लावून तिला ताडपत्रीजवळ आणलं, टोपी थोडी तिरपी केली, एक पाऊल मागे गेल्या आणि मोबाइल वर केला. दुसऱ्या हातात एक नोट होती. "असंच उभं राहा हं, सेन्योरा. किती गोड दिसताय! रिकामी जागा आणि तुम्ही. हसा ना जरा."

"नाही!"

रोक्सानाची छत्री मध्ये आली. आवाज गाईडचा नव्हता. "तिचा फोटो नाही काढायचा."

"अहो, मी पैसे देतेय. आणि तिला विचारून—"

"विचारलं नाहीत तुम्ही. टोपीला हात लावलात. ती माझी आई आहे."

कांद्यांपाशी सातुर्निनाने देवाचं नाव घेतलं. प्रवासी एकमेकांकडे बघायला लागले. रोसारिओच्या बाईंची नोट हातातच राहिली.

रोक्साना आईकडे वळली. तिने आधी टोपी सरळ केली. मग खालच्या आवाजात, भराभर बोलली, "मी दिवसभर या लोकांना बोट दाखवते, आई. ज्याच्याकडे दाखवते त्याचा फोटो होतो. घड्याळाचा, कबुतरांचा, म्हाताऱ्यांचा. मग लोक त्याला हात लावतात. तुझ्याकडे मला बोट दाखवायचं नव्हतं. कासेरा म्हटलं की ते बटाट्यांचा फोटो काढतात आणि पुढे जातात."

इलारियाने तिच्याकडे नीट पाहिलं. पोर खोटं बोलत नव्हती. पण तिच्या चकचकीत बुटांवरून, कापलेल्या केसांवरून, रविवारच्या केकवरून नजर फिरवताना इलारियाला हेही दिसलं की ती पुरतं खरंही बोलत नव्हती. तेवढं कळायला शाळा लागत नाही.

तिने दगड बाजूला केले, ताडपत्री गुंडाळली, परकरांचा घेर आवरत आपल्या जागी बसली. लग्नातल्या पोयेऱ्याला चुन्योची माती लागली. तिने एक मोठा बटाटा पुसून तराजूच्या रिकाम्या पारड्यात ठेवला. पारडं झुकलं.

"शहर चांगलं दाखवतेस," ती मोठ्याने म्हणाली, दाढीवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "ते घड्याळ मी पाहिलं नव्हतं. गाईड म्हणून तू पुरी झालीस, प्लास्टर-रंगासकट. मुलगी म्हणून अजून सळया बाहेर आहेत तुझ्या." तिने बटाटा उचलून रोक्सानाच्या हातात कोंबला. "राहू देत. कापत नाही मी."