लिंबाची फोड

बाबांनी जन्मभर ट्रम्पेट वाजवला. वाजवून झालं की वाद्य उलटं करून थुंकी झटकायची, ही त्यांची सवय. आमच्या घरातल्या सतरंज्यांना ती चांगली ठाऊक. आणि नेमकी प्रयोगशाळेत हातात इवलीशी नळी आली, तेव्हा त्यांच्या तोंडाला कोरड पडली.

"या रेघेपर्यंत तरी लाळ हवी, काका," नर्स म्हणाली.

"ट्रम्पेट द्या, बादली भरून देतो."

बोलायला ठीक होतं. आई गेल्यापासून ट्रम्पेटची पेटी कपाटावरून खाली आली नव्हती.

आईला मूत्रपिंडाच्या आजाराने नेलं. तो तिच्याकडून माझ्यात आला आहे. बाळात तरी येऊ नये म्हणून मी आणि नवरा हे उपचार घेत होतो. आमचे पाच गर्भ तिथे गोठवून ठेवले होते. त्यांतला एखादा तरी आजारापासून मोकळा आहे का, हे ओळखायला आईचा नमुना लागत होता, आणि तो कुणीच ठेवला नव्हता.

"मग तुमचा द्या," डॉक्टर बाबांना म्हणाल्या होत्या. "मुलीत जे तुमचं आहे ते बाजूला काढलं, की उरेल ते आईचं."

"कमाल आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात मला नाही जमलं ते."

आता मात्र त्यांचे विनोद आटले होते. नमुना देईपर्यंत खायला-प्यायला बंदी.

"आंबट काहीतरी आठवा ना," नर्स म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. "आठवायला गेलं की तीच आठवते हो," ते हळूच म्हणाले.

मी उठले आणि कॅन्टीनमधून लिंबाची फोड घेऊन आले.

"अगं, मला चालत नाही!"

"तुम्हाला देतंय कोण?"

खुर्ची ओढून मी त्यांच्यासमोर बसले आणि फोड चोखायला लागले. ही आईची युक्ती. घरी भांडण झालं की ती कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायची आणि बाबा फुंकणार तेवढ्यात लिंबू चोखायची. मग ट्रम्पेटमधून सुरांऐवजी बुडबुडे. एकदा तर गायिकेला हसू आवरेना, गाणंच थांबलं.

मी एक डोळा बारीक केला आणि मिटक्या मारल्या.

"कार्टे! अगदी आईवर गेलीस!" म्हणत बाबांनी घाईघाईने नळी तोंडाशी नेली. रेघ कधीच मागे पडली.

काही आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. पाचांपैकी दोन मोकळे होते. मी नवऱ्याच्या गळ्यात पडले, तेव्हा बाबांनीच फोन घेतला.

"आजार नाही ते उत्तम झालं, डॉक्टर. पण हिच्या आईचं बाकीचं?"

"ते असणारच, काका. आम्ही आजाराची तेवढी एकच जागा बघितली."

"म्हणजे खोड्या असू शकतील?"

"त्यांची तपासणी नाही आमच्याकडे."

"नकोच," बाबा म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी स्टूल ओढलं, कपाटावरची पेटी खाली काढली आणि फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली.

"तू समोर बस," ते म्हणाले. "लिंबू आहे ना घरात?"